एका ‘ळ’ची झेरॉक्स

“भाऊ, कायची झेराक्स मारू? ओरिजनलची का झेराक्सची?”

जुलै महिना, कुरखेडा, बाहेर धो धो पाऊस. दुकानात सात-आठ जण, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल. प्रवेशाचे दिवस असले की आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी झेरॉक्सच्या दुकानात असते. दुकानदाराचा प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो.

माझ्या हातात आजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल होती. जुन्या कोतवाल बुकातली नोंद एका बाबूने हाताने उतरवून दिलेली, खाली ‘खरी नक्कल’ असं लिहिलेलं, त्यावर सही आणि गोल शिक्का. आता हिला ओरिजिनल म्हणायचं का? ती तर स्वतःच नक्कल आहे. पण झेरॉक्स हिची काढायची, म्हणजे मशीनच्या दृष्टीने ओरिजिनल हीच.

मी विचारात असताना माझ्या बहिणीने उत्तर देऊन टाकलं. “ओरिजनलची. पाच मारा.”

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दिवसभरात शंभर वेळा तरी कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही होत असेल. कॉपी करणं हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे म्हटलं तरी चालेल. तरीही कॉपी म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला त्या दुकानात पहिल्यांदा नीट पडला. कारण त्या पाच कागदांवर बहिणीचा फार्मसीचा प्रवेश अडकला होता.

आरक्षणातून प्रवेश घेतलेल्यांना जात वैधता प्रमाणपत्राची भानगड सांगायला नको. आमच्या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे वडिलांचे कागद पुरत नाहीत, आजोबांचे शोधावे लागतात. आजोबांचे दोन सापडले. एक कोतवाल बुकातली जन्माची नोंद, दुसरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली. दोन्हींत आजोबांच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या पणजोबांचं नाव होतं. शाळेच्या नोंदीत त्या नावाच्या शेवटी ‘ळ’ होता. कोतवाल बुकात ‘र’.

टेबलापलीकडून विचारणा झाली: हे दोघे एकच कशावरून?

झाडीपट्टीतल्या माणसाला याचं उत्तर लगेच कळेल. झाडीबोलीत ‘ळ’ नाहीच. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, सकाळला सकार. मध्य प्रांताच्या काळात गावातल्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल द्यायचा. तो तोंडाने सांगायचा, लिहिता येणारा कोणीतरी ते बुकात लिहून घ्यायचा. कोतवालाने ‘र’ म्हटलं, लिहिणाऱ्याने ‘र’ लिहिलं. पुढे शाळेत नाव घालताना गुरुजींनी पुस्तकी मराठीप्रमाणे ते ‘सुधारलं’ आणि ‘ळ’ लिहिला. दोघांपैकी कोणीच चुकलं नव्हतं. पण दोन्ही कागदांची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवली, की दोन वेगवेगळी माणसं दिसत होती.

त्या पावसाळ्यात मी ‘झेरॉक्स’ या शब्दाच्या मागे लागलो, आणि त्याच्या निमित्ताने नक्कल, प्रत, उतारा, कॉपी या त्याच्या भावंडांच्याही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मराठीतले हे जुने शब्द कागद एका हातातून दुसऱ्या हातात नेणाऱ्या माणसाची आठवण ठेवतात. झेरॉक्स ती ठेवत नाही. आणि तो माणूस विसरला गेला की पंचाईत होते, कार्यालयातही आणि साहित्यातही.

*

आधी झेरॉक्सची गोष्ट.

चेस्टर कार्लसन नावाचा एक अमेरिकन माणूस १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होता. पेटंटच्या कागदांच्या आणि आकृत्यांच्या प्रती सतत लागायच्या. त्या मिळवायचे मार्ग दोन: पुन्हा टाईप करा, नाहीतर फोटो काढून घ्या. फोटोचं काम महागडं, वेळखाऊ आणि रसायनांत भिजवून करायचं, म्हणजे ओलं. त्यात कार्लसनला संधिवात. हाताने उतरवायचं म्हटलं की बोटं दुखायची. थोडक्यात, जगातल्या सगळ्या कारकुनांचं दुखणं त्याला होतं. त्याने ते फक्त जास्त मनावर घेतलं.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका भाड्याच्या खोलीत त्याने आणि ओटो कोर्नेई या सहकाऱ्याने पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून तिच्यावर विजेचा भार आणला. काचेवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहिलं, ती काच पट्टीवर ठेवून वरून प्रकाश पाडला. मग बारीक भुकटी भुरभुरवली आणि फुंकली. अक्षरं होती तिथेच भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलली, गरम केली, झालं.

पुढची काही वर्षं वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला नकार दिला. शेवटी रॉचेस्टर शहरातल्या हॅलॉइड नावाच्या, फोटोचा कागद बनवणाऱ्या छोट्या कंपनीने हे तंत्र घेतलं. कार्लसनने त्याला दिलेलं ‘इलेक्ट्रोफोटोग्राफी’ हे नाव जड होतं. ओहायो राज्यातल्या विद्यापीठात जुन्या भाषा शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने नवं नाव सुचवलं: झेरोग्राफी. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडं आणि ‘ग्राफिया’ म्हणजे लिहिणं. कोरडं लिखाण. त्यावरून मशीनसाठी बाजारातलं नाव तयार झालं झेरॉक्स. १९५९ साली ‘९१४’ हे मॉडेल आलं, ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद घेणारं. ते इतकं चाललं की १९६१ मध्ये कंपनीनेच झेरॉक्स हे नाव घेतलं.

म्हणजे आपण ‘झेरॉक्स’ म्हणतो तेव्हा शब्दशः ‘कोरडं’ एवढंच म्हणत असतो. त्या शब्दात प्रत नाही, नक्कल नाही, दुसरेपण नाही. फक्त कोरडेपणा आहे. कुरखेड्याच्या जुलैत, हवेतल्या ओलीने कागद एकमेकांना चिकटून मशीनमध्ये अडकत असताना हे मोबाईलवर वाचणं विनोदी होतं.

कंपनीला मात्र तिचं नाव असं सामान्यनाम झालेलं कधीच आवडलं नाही. आमचं नाव क्रियापद म्हणून वापरू नका, असं सांगणाऱ्या जाहिराती तिने अमेरिकेत वर्षानुवर्षं दिल्या, आणि इंग्रजीत त्यांचा थोडाफार उपयोगही झाला. रशियन आणि पोलिश भाषांनी ऐकलं नाही. मराठीने तर अजिबात ऐकलं नाही. दुकानात मशीन कुठल्याही कंपनीचं असो, पाटीवर झेरॉक्सच असतं.

*

शब्द परका असला तरी आपण तो कसा वापरतो ते अस्सल मराठी आहे. आपण झेरॉक्स ‘काढतो’. फोटो काढतो, चित्र काढतो, दाखला काढतो, सातबारा काढतो, तशीच झेरॉक्स. जे कुठेतरी आत आहे ते बाहेर आणायचं, असा ‘काढणे’चा अर्थ. विदर्भात झेरॉक्स ‘मारतात’ सुद्धा, जसा शिक्का मारतात. एका क्रियापदात उत्खनन आहे, दुसऱ्यात हुकूम.

आणि झेरॉक्स मराठीत स्त्रीलिंगी आहे. ‘ती झेरॉक्स’. हे कोणी ठरवलं? बहुतेक तिच्या आधी घरात असलेल्या नक्कल, प्रत आणि कॉपी या तिघींनी. नवी सून आली, ती त्याच घरची झाली.

सरकारी पत्रात हिला ‘छायाप्रत’ म्हणतात. हा शब्द आपण हसण्यावारी नेतो. मीही नेत होतो. पण मशीन कसं चालतं ते वाचल्यावर मला तो झेरॉक्सपेक्षा अचूक वाटू लागला. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये कागदावरचा उजेड परावर्तित होऊन आतल्या ड्रमवर पडतो. जिथे उजेड पोचतो तिथला विजेचा भार निघून जातो. जिथे अक्षराची सावली पडते तिथे तो टिकतो, आणि काळी भुकटी नेमकी तिथेच चिकटते. म्हणजे झेरॉक्स ही खरोखरच सावलीची प्रत आहे. हा शब्द घडवणाऱ्याला हे माहीत होतं की नुसता योग जुळला, कोण जाणे. पण ‘छायाप्रत’मध्ये मशीनचं काम सांगितलेलं आहे, ‘झेरॉक्स’मध्ये फक्त ते ओलं नसल्याचं.

*

आता जुन्या भावंडांकडे येऊ.

नक्कल. मूळ अरबी शब्द नक़्ल. अरबीत त्याचा पहिला अर्थ ‘एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं’ असा आहे. सामानाची वाहतूक म्हणजे सुद्धा नक़्ल. एका कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर नेला, ती नक्कल. हिंदी-उर्दूतला ‘इंतक़ाल’ हा शब्द त्याच धातूचा. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाणं म्हणजे इंतक़ाल, आणि माणूस या जगातून त्या जगात जाणं म्हणजे सुद्धा इंतक़ाल. इस्लामी विद्येत अक़्ल आणि नक़्ल अशी एक जुनी जोडी आहे. अक़्ल म्हणजे स्वतःच्या बुद्धीने मिळवलेलं ज्ञान, नक़्ल म्हणजे आधीच्यांनी आपल्यापर्यंत आणून पोचवलेलं. आपण वर्गात एकमेकांना टोमणा मारायचो, ‘नक्कल करायलाही अक्कल लागते’, त्यात ही जोडी गमतीने उरली आहे. फरक असा, की तिकडे नक़्लला कमी लेखलेलं नाही. पोचवणाराही मोठाच असतो. फक्त तो कोण, विश्वासू होता का, हे विचारलं जातं.

मराठीत या शब्दाला दोन क्रियापदं लागतात आणि अर्थ उलटेपालटे होतात. नक्कल ‘काढली’ तर ती कार्यालयात चालते. नक्कल ‘केली’ तर ती चिडवणं होते. एकीत मजकूर नेला जातो, दुसरीत माणूस.

प्रत. संस्कृत ‘प्रति’वरून आलेला शब्द. प्रतिबिंब, प्रतिध्वनी, प्रतिमा, आणि प्रतिस्पर्धीसुद्धा. समोर उभं राहणारं काहीतरी. पण मराठीने यात एक फार हुशारीची भर घातली. आपल्याकडे प्रत म्हणजे दर्जा. ‘उत्तम प्रतीचा तांदूळ’, ‘हलक्या प्रतीचं कापड’. एकाच शब्दात कॉपी आणि क्वालिटी. मला याचं कारण हस्तलिखितांच्या काळात दिसतं. तेव्हा प्रत्येक प्रत वेगळी असायची. कोणाचं अक्षर चांगलं, कोणी ओळ गाळलेली, कोणी शब्द बदललेला. ‘कोणती प्रत?’ आणि ‘कसली प्रत?’ हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. झेरॉक्सच्या जमान्यात आपण दुसरा प्रश्न विचारणं सोडून दिलं.

उतारा. पोथी उतरवून घेतात, जणू ती उंचावर कुठेतरी आहे. सातबाराचाही उताराच असतो. मूळ तिथेच राहतं, आपल्याकडे त्यातला हवा तेवढा भाग उतरून येतो. विषावरही उतारा असतो. वैधतेच्या रांगेत उभं राहिलेल्याला हा अर्थही पटेल.

आणि कॉपी. लॅटिन ‘कोपिया’ म्हणजे विपुलता, भरभराट. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याला ‘मजकूर उतरवून घेण्याची मुभा’ असा अर्थ चिकटला आणि त्यातून आजची कॉपी निघाली. म्हणजे या शब्दाच्या पोटात मुबलकता आणि परवानगी दोन्ही आहेत. महाराष्ट्रात मात्र कॉपी म्हटलं की आधी आठवते ती परीक्षेतली चिठ्ठी. दहावी-बारावीला ‘कॉपीमुक्त अभियान’ असतं. मुबलक परवानगीचा शब्द आपल्याकडे येऊन गुन्ह्याचा झाला.

हा गुन्हा आहे की मुभा, यावर दिल्लीत खरोखरच खटला झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना झेरॉक्स संच विकले जायचे. मोठ्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. शिक्षणाच्या कामासाठी कायद्यातच सवलत आहे, असा त्याचा आधार होता. इंजिनिअरिंगची चार वर्षं सिनिअरच्या नोट्सच्या झेरॉक्सवर काढलेल्या माझ्यासारख्याला हा निकाल वाचून फार बरं वाटलं होतं. त्या नोट्सच्या कितव्या पिढीची झेरॉक्स माझ्याकडे होती देव जाणे. आकृत्यांमधल्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण समासात कोणीतरी ‘हे नक्की येतं’ असं लिहिलेलं अजून वाचता येत होतं. मला विषय त्या अनोळखी माणसाने शिकवला, मशीनने नाही.

*

नक्कल या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि माझ्या गावाकडे तो सगळ्यात जिवंत आहे. जुन्या मराठी रंगभूमीवर प्रत्येक नटाला नाटकाची पूर्ण संहिता मिळत नसे. त्याच्या वाट्याची भाषणं तेवढी वेगळी उतरवून देत. तिला नक्कल म्हणत. नट ‘नक्कल पाठ करत’ असे. म्हणजे नक्कल हा नाटकातला त्याचा हिस्सा होता, त्याने लोकांपर्यंत न्यायचा.

आमच्याकडे धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडई भरते, दिवसा शंकरपट असायचे, आणि रात्री नाटक. नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. कंपन्यांचं केंद्र म्हणजे शेजारचं वडसा. हंगामात नट आज एका गावात एका भूमिकेत, उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या भूमिकेत. म्हणून प्रॉम्प्टरशिवाय झाडीपट्टीचं पान हलत नाही. पहिल्या रांगांत बसलेल्या माणसाला आधी प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येतो आणि मग नटाचा. लहानपणी मला वाटायचं, नाटक असंच असतं. वाक्य आधी एकदा साधं येतं आणि मग एकदा रंगवून.

पुण्यातल्या एका मित्राला मी हौसेने झाडीपट्टीच्या नाटकाचा व्हिडिओ दाखवला. दहा मिनिटं पाहून तो म्हणाला, “अरे, ही तर जुन्या हिंदी सिनेमाची झेरॉक्स आहे.”

हा शेरा एकट्या त्याचा नाही. आपल्या समीक्षेत, पुस्तकांवरच्या पोस्टमध्ये, कमेंटमध्ये ‘झेरॉक्स’ ही झटपट शिवी झाली आहे. अमका कवी तमक्याची झेरॉक्स. ही वेबसिरीज त्या वेबसिरीजची झेरॉक्स. माझी तक्रार शिवीबद्दल नाही, साहित्यात उचलेगिरी चालते आणि ती उघडी पाडलीच पाहिजे. तक्रार शब्दाच्या निवडीबद्दल आहे. झेरॉक्स म्हटलं की दोनच वस्तू उरतात, आधीची आणि नंतरची. मधला माणूस गायब होतो. त्याने काय उचललं, काय टाकलं, कुठल्या बोलीत नेलं, कोणासाठी नेलं, यातलं काही विचारायची गरजच उरत नाही. समीक्षा जिथे सुरू व्हायला हवी तिथेच हा शब्द ती संपवतो.

माझ्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य होतं. कथानक ओळखीचं होतं. त्यातला बाप, सावकार, शेवटचा पश्चात्ताप, सगळं कुठेतरी पाहिलेलं. काही प्रवेश तर सरळसरळ आळशी होते. पण त्याने जे पाहिलं नाही ते असं: मधला विनोदी नट झाडीबोलीत बोलत होता, आणि त्या प्रवेशाला मंडपातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सिनेमातल्या शहरी नोकराच्या जागी गावातला माणूस आला होता, त्याला धानाचा भाव माहीत होता. याला नक्कल म्हणा, मी भांडणार नाही. नक्कल म्हटलं की ती चांगली की वाईट, कोणी केली, हे बोलता येतं. आमच्याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या रंगभूमीवरच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. आयुष्यभर नकला पाठ करून त्या गावोगाव नेण्याचा हा सन्मान होता, असं मी त्याकडे पाहतो.

*

प्रत काढणारा माणूस दिसला पाहिजे, हे मराठीला नवीन नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक स्वतःची ओळख देतो, तिथी देतो आणि वाचणाऱ्यापुढे हात जोडतो: समोर होतं तसं उतरवलं आहे, चुकीचा दोष माझ्यावर येऊ नये. ही नुसती नम्रता नव्हती, जबाबदारीची वाटणीही होती. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न हाच होता. तीनशे वर्षांच्या उतरवण्यात पाठ बिघडले होते. त्यांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, पाठ ठरवला, आणि यापुढे कोणी यात स्वतःच्या ओव्या घालू नयेत असं बजावलं. आमच्या धंद्यात याला मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवणं म्हणतात. एकनाथांनी ते गिटशिवाय केलं.

गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची एक कमांड असते. कोडची कुठलीही ओळ घ्या, ती कोणी आणि कधी लिहिली ते समोर येतं. नाव दुष्ट आहे, पण उपयोग बहुतेक वेळा चांगला होतो. ओळ अशी का आहे हे विचारायला माणूस सापडतो. त्या जुलैत मला पणजोबांच्या नावातल्या ‘र’वर ब्लेम चालवायची होती. झेरॉक्समध्ये ती सोय नाही. मशीनने ‘र’ तितक्याच काळ्या शाईत छापला जितक्या काळ्या शाईत ‘ळ’, आणि दोन्हींमागचा कोतवाल व गुरुजी दोन्ही पुसले गेले.

मशीन निदान चूक तरी करत नाही, असं आपल्याला वाटतं. तेही पूर्ण खरं नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की घराचा नकाशा मशीनमधून काढल्यावर खोल्यांचं क्षेत्रफळ बदलतंय. नकाशात तीन खोल्यांचे आकडे वेगवेगळे होते, निघालेल्या कागदावर तिन्ही ठिकाणी १४.१३. अक्षर पुसट झालं नव्हतं. आकडा स्वच्छ आणि चुकीचा होता. मशीन झेरॉक्स कंपनीचंच होतं. फाईल लहान करण्यासाठी ते एकसारखे दिसणारे ठोकळे ओळखून एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. त्यात ६ चा ८ सुद्धा होत होता. कंपनीला पुढे सॉफ्टवेअरची दुरुस्ती आणावी लागली.

इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट भयंकर वाटते आणि मराठी वाचक म्हणून ओळखीची. ‘हे साधारण त्यासारखंच दिसतंय, तेच असेल’ असं म्हणून मशीनने आकडा बदलला. गुरुजींनीही ‘र’चा ‘ळ’ असाच केला होता. फरक इतकाच, की गुरुजींची चूक कळायला झाडीबोली माहीत असलेला माणूस पुरतो. मशीनची कळायला मूळ कागद शेजारी लागतो.

आता सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो, वर क्यूआर कोड असतो. हे चांगलंच आहे. कागदात मध्येच कोणी फेरफार केला नाही, एवढी हमी ती स्वाक्षरी देते. पण पहिल्यांदा लिहिताना कोणी कोणाचं काय ऐकलं, याची हमी कुठलीच स्वाक्षरी देऊ शकत नाही.

*

यावर आमच्याच भागातल्या लोकांना उपयोगी पडलेला एक तोडगा कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्यासाठी जे पुरावे चालतात, त्यांत कागदपत्रांबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. घर, बांध, विहीर, देवस्थान, स्मशान यांच्या खुणाही पुरावा धरल्या आहेत. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांपैकी. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्याकडे माणसं आहेत, आणि माणसाचं सांगणंही नोंद होऊ शकतं, हे या कायद्याने मान्य केलं.

आमचा मामला वेगळ्या कायद्यातला होता, पण वाट तीच निघाली. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करा, असं सांगण्यात आलं. त्यासाठी आजोबांची धाकटी बहीण आली. आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, आवाज खणखणीत. टायपिंग करणाऱ्या मुलाने विचारलं, “आजी, तुमच्या वडिलांचं नाव काय?”

तिने नाव सांगितलं. शेवटी स्वच्छ ‘र’.

मुलाने टाईप केलं. शेवटी स्वच्छ ‘ळ’.

मी स्क्रीनकडे पाहत होतो. मुलगा स्थानिक होता, तो स्वतः बोलताना डोराच म्हणत असणार. पण लिहिताना त्याच्या बोटांना ‘ळ’ आला, कुठलाही विचार न करता. गुरुजींनी जे केलं ते पुन्हा एकदा माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मी त्याला थांबवलं. मग त्याने दोन्ही रूपं लिहिली, ‘उर्फ’ घालून. आत्याआजीला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “मंग मी का वेगरं म्हटलं? तेच तं म्हटलं.”

तिच्या कानाला त्या दोन अक्षरांत फरकच नव्हता. तिच्यासाठी ते तिच्या बापाचं नाव होतं.

तिने अंगठा लावला. आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने कागद उलटून पाहिला, अंगठ्याची शाई वाळली का ते बघितलं आणि म्हणाला, “थांबा जरासाक. ओली हाय अजून.”

आम्ही पाच मिनिटं थांबलो. मग पाच झेरॉक्स काढल्या. प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये मिळालं, प्रवेश वाचला. बहिणीच्या फाईलमध्ये आता सगळ्यात वर ते प्रमाणपत्र आहे. मी मात्र त्याच्या खालचं प्रतिज्ञापत्र मोबाईलमध्ये स्कॅन करून ठेवलं आहे. आमच्या घरात तो एकच कागद असा आहे, ज्यात कोण काय म्हणालं आणि कोणी काय लिहिलं, हे दोन्ही वाचता येतं.